चौदा बाय सोळा फुटांची झोपडी

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, 18 डिसेंबर 1777 रोजी, जॉर्ज वॉशिंग्टनच्या छावणीत जो हुकूम वाचून दाखवला गेला, त्याचा बराचसा भाग सुताराला द्यावा तसा आहे. झोपडी चौदा फूट बाय सोळा फूट. भिंती आणि छप्पर ओंडक्यांचं. बाजूच्या भिंती साडेसहा फूट उंच, मधल्या फटी मातीने लिंपायच्या. चूल मागच्या भिंतीला, लाकडाचीच. पण आतून अठरा इंच जाडीचा मातीचा थर द्यायचा. दार रस्त्याच्या बाजूला, फळ्या मिळाल्या नाहीत तर ओकच्या चिरफाळ्यांचं. एका झोपडीत बारा शिपाई. प्रत्येक पलटणीत ज्या बाराजणांची झोपडी सर्वांत आधी आणि सर्वांत नीट उभी राहील, त्यांना बारा डॉलर बक्षीस. छपरासाठी फळ्या मिळणं कठीण होतं, म्हणून त्याच हुकमात आणखी एक जाहीर झालं: छपरासाठी स्वस्त आणि लवकर होणारी युक्ती जो सुचवेल त्याला शंभर डॉलर.

दुसऱ्या दिवशी, 19 डिसेंबरला, अकरा-बारा हजारांचं सैन्य पेनसिल्व्हानियातल्या व्हॅली फोर्जला पोचलं. इंग्रज वीसेक मैलांवर फिलाडेल्फियात उबदार घरांमध्ये बसले होते. ही जागा निवडण्यात लष्करी शहाणपण होतं. उंचवटा, बाजूला स्कूलकिल नदी, अचानक हल्ला होऊ नये इतकं अंतर आणि शत्रूवर नजर राहील इतकी जवळीक. पण अकरा-बारा हजार माणसं आणि शेकडो घोडे एका जागी सहा महिने राहणार, म्हणजे एक शहरच वसणार होतं. ज्यांना हे शहर वसवायचं होतं त्यांच्यातल्या बहुतेकांनी एवढं मोठं गाव पाहिलेलंही नव्हतं.

व्हॅली फोर्जची गोष्ट सहसा बर्फावर उमटलेल्या रक्ताळलेल्या पावलांपासून सुरू होते. ती पावलं खरी आहेत. बूट आणि कपड्यांवाचून 2,898 माणसं कामास निकामी झाली आहेत, असं वॉशिंग्टनने 23 डिसेंबरला काँग्रेसच्या, म्हणजे बंड केलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधिसभेच्या, अध्यक्षाला नेमक्या आकड्यानिशी कळवलं होतं. पण तो हिवाळा त्या प्रदेशाच्या मानाने सर्वसाधारणच होता. त्या छावणीत लढाई एकही झाली नाही. तरी सहा महिन्यांत जवळजवळ दोन हजार माणसं मेली, आणि त्यांतली दोनतृतीयांश मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांत, म्हणजे बर्फ वितळल्यावर, अन्न येऊ लागल्यावर, ऊन पडल्यावर.

मला या युद्धातला सर्वांत बोलका आकडा हाच वाटतो. भूक आणि थंडी यांनी तो सुटत नाही. तो सोडवायचा तर त्या झोपडीत शिरावं लागतं, पण त्याआधी भुकेचा हिशोब पाहू.

काँग्रेसने नोव्हेंबर 1775 मध्ये शिपायाचा शिधा ठरवून दिला होता. रोज एक पौंड गोमांस, किंवा पाऊण पौंड डुकराचं मांस, किंवा एक पौंड खारवलेले मासे. रोज एक पौंड पाव किंवा पीठ. आठवड्याला तीन पाइंट वाटाणे किंवा घेवड्यासारखं कडधान्य. रोज एक पाइंट दूध. थोडा तांदूळ किंवा मक्याचं पीठ. पिण्यास स्प्रूसची बिअर किंवा सायडर. शंभर माणसांमागे आठवड्याला तीन पौंड मेणबत्त्या आणि आठ पौंड कठीण साबण. कागदावर हा शिधा त्या काळच्या कोणत्याही युरोपियन शिपायाला हेवा वाटावा असा आहे. बारा हजार माणसांचं नुसतं पीठच रोज सुमारे साडेपाच टन होतं, आणि मांसही तेवढंच. हे सगळं घोड्यांच्या गाडीतून, चिखलाच्या रस्त्याने यायचं. ओढणाऱ्या घोड्यालाही रोज दहा-अकरा किलो दाणावैरण लागते, म्हणजे अंतर जितकं लांब तितका गाडीतला माल वाटेतच घोड्याच्या पोटात जातो.

आणि त्या वर्षी देशात धान्य नव्हतं असं मुळीच नाही. पेनसिल्व्हानिया हे गव्हाचं कोठार. अडलं ते वाहतुकीत, मिठात आणि वहीत. मीठ समुद्रापलीकडून यायचं आणि समुद्रावर इंग्रजांचं आरमार होतं, त्यामुळे मांस खारवायचं कशात हा प्रश्न होता. जे खारवलेलं मांस पिंपांतून निघायचं, त्यातलं खारं पाणी गाडीवान वाटेत ओतून द्यायचे. ओझं हलकं व्हायचं, पण छावणीत पिंप उघडलं की आत सडका गोळा. शेतकऱ्याची बाजूही समजून घ्यायला हवी. फिलाडेल्फियात इंग्रज सोन्याचांदीची नाणी मोजत होते आणि इकडे काँग्रेसचे कागदी डॉलर दर महिन्याला उतरत होते.

वहीचा भाग मला अधिक क्लेशकारक वाटतो, कारण तो टाळता येण्यासारखा होता. जून 1777 मध्ये काँग्रेसने रसद खात्यासाठी नवे नियम केले. भ्रष्टाचार रोखावा हा हेतू चांगलाच होता. पण खरेदी केलेल्या प्रत्येक जनावराची नोंद रंग आणि खुणांसह ठेवायची, आणि अधिकाऱ्याला खरेदीवरच्या दलालीऐवजी ठरीव पगार. ज्याला हे काम खरोखर येत होतं त्या जोसेफ ट्रम्बलने ऑगस्टमध्ये राजीनामा दिला. त्याच सुमारास क्वार्टरमास्टर जनरल थॉमस मिफ्लिनही कामातून निघून गेला आणि ती जागा महिनोन्‌महिने रिकामी राहिली. गाड्या, घोडे, तंबू, रस्ते, कुऱ्हाडी, फावडी हे सगळं ज्याने बघायचं तोच नाही. म्हणजे गव्हाचं पीठ गोदामात आहे, शिपाई छावणीत आहे, आणि मधली गाडी कुणाची हे कुणालाच ठाऊक नाही.

शिपाई पीठ आणि पाणी कालवून निखाऱ्यावर किंवा तापल्या दगडावर थापायचे. ‘फायरकेक’ हे त्याचं नाव. आपल्याकडच्या रोडग्यासारखंच, पण मीठ नाही, तूप नाही, वरण नाही. बाहेरून राख आणि आतून कच्चं. आठवडाभर हेच खाऊन पोट बिघडलं की माणूस अशक्त होतो, आणि अशक्त माणूस झोपडीत पडून राहतो.

आता झोपडी. हुकमात मापं होती, पण हत्यारं पुरेशी नव्हती आणि बर्फ डोक्यावर आला होता. त्यामुळे ज्याने त्याने जमेल तसं बांधलं. पुढे त्या जागी उत्खनन झालं तेव्हा आकारांचा, चुलींच्या जागांचा मेळ हुकमाशी नेहमी बसेना. कित्येकांनी भिंतीची उंची वाचवायला जमीन फूट-दोन फूट खणून झोपडी आत बसवली. थंडीत हे शहाणपणाचं वाटतं, जमिनीच्या आत ऊब असते. पण बर्फ वितळू लागला की त्याच खड्ड्यात पाणी झिरपतं, गवताचं अंथरूण कुजतं, आणि खिडकी नसलेल्या त्या खोलीत बारा माणसं एकमेकांच्या श्वासावर जगतात. कपडे एकच जोडी, म्हणून धुणं नाही. धुणं नाही म्हणून उवा. आणि उवांमागून टायफस, ज्याला तेव्हा छावणीचा ताप म्हणत. बाहेर काय होतं? शौचाचे चर खणलेले होते, पण थंडीच्या रात्री आजारी माणूस तेवढं लांब चालत जाईना. शेकडो घोडे उपासमारीने मेले आणि गोठलेल्या जमिनीत ते पुरणं अवघड होतं. ऊन पडलं तसं हे सगळं एकदम वितळून ओढ्याच्या वाटेला लागलं. विषमज्वर, हगवण आणि टायफस यांचा हा वसंत होता.

आजारी माणसांना आसपासच्या गावांतल्या इस्पितळांत हलवलं, तिथे ती आणखी दाटीने ठेवली गेली. बेथलेहेमच्या मोराव्हियन पंथीयांच्या वसतिगृहासारख्या इमारतींत तापाचा रोगी आणि जखमी शेजारीशेजारी असायचे. हातावरच्या जखमेसाठी गेलेला माणूस तापाने मरायचा.

हुकूम निघत होते, पुन्हापुन्हा निघत होते. मेलेली जनावरं पुरा, चर बुजवा, दुसरीकडे बसणाऱ्याला फटके द्या. एकच हुकूम महिन्यात तीनदा काढावा लागतो तेव्हा तो पाळला जात नाही एवढंच सिद्ध होतं. मे महिन्यात मात्र एक हुकूम आला तो मला फार महत्त्वाचा वाटतो: ओंडक्यांच्या मधला मातीचा लेप काढून टाका, झोपड्यांत वारा खेळू द्या, आणि रोज एका काडतुसाची दारू आत जाळा. दारूच्या धुराने हवा शुद्ध होते ही समजूत चुकीची होती. जंतू ही कल्पनाच अजून कुणाला नव्हती. पण वारा खेळवणं बरोबर होतं, आणि डिसेंबरात जी माती लिंपण्याचा हुकूम दिला तीच मे महिन्यात खरवडून काढण्याचा हुकूम देण्यात कमीपणा मानला गेला नाही.

वॉशिंग्टनचा हा गुण देवीच्या रोगाच्या बाबतीत त्याहून स्पष्ट दिसतो. तो स्वतः तरुणपणी, 1751 मध्ये, बार्बाडोसला देवीतून वाचला होता. चेहऱ्यावर वण होते. 1776 च्या वसंतात क्वेबेकसमोरची अमेरिकन फौज देवीने अक्षरशः मोडून पडली, तिचा सेनापती जॉन थॉमसही देवीनेच गेला. त्या वेळी टोचण्याची पद्धत होती ती जेनरच्या गोस्तनाच्या लसीआधीची: देवीच्या रोग्याच्या फोडातला पू दोऱ्याला लावायचा, दंडावर बारीक चीर देऊन तो दोरा तीत ठेवायचा. माणसाला खरीच देवी येते, पण बहुधा सौम्य. शंभरात एखाद-दुसरा दगावतो, तर नैसर्गिक देवीत सहा-सातांतला एक, कधी त्याहून जास्त. गोम अशी की टोचलेला माणूस तीन-चार आठवडे निकामी असतो आणि त्या काळात तो दुसऱ्याला देवी देऊ शकतो. एकालाही लवकर सोडलं तर आपणच साथ सुरू करतो. शिवाय अर्धी पलटण अंथरुणात आहे ही बातमी शत्रूला कळली तर संपलंच. म्हणून 1776 मध्ये वॉशिंग्टनने न्यूयॉर्कच्या फौजेत टोचण्यास सक्त मनाई केली होती.

फेब्रुवारी 1777 मध्ये त्याने तोच निर्णय फिरवला आणि डॉ. विल्यम शिपेनला सगळं सैन्य टोचून घेण्यास सांगितलं. गुपचूप, तुकड्यातुकड्यांनी, आणि शक्य तिथे नवी भरती मुख्य छावणीत पोचण्याआधी वाटेतच. शिपायाला बंदूक आणि कपडे मिळेपर्यंत जो वेळ तसाही जायचा, त्यातच देवी उरकायची. व्हॅली फोर्जलाही आणखी तीन-चार हजारांना टोचलं गेलं. त्या छावणीत टायफस होता, हगवण होती, पण देवीने सैन्य बसलं नाही. इतक्या मोठ्या फौजेला सरसकट टोचण्याची ही फार जुनी आणि फार धाडसी मोहीम आहे, आणि ट्रेंटनच्या बर्फातल्या विजयाइतकी तिची आठवण निघत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं.

2 मार्च 1778 ला नॅथनिएल ग्रीन क्वार्टरमास्टर जनरल झाला. हे पद त्याला नको होतं. इतिहासात क्वार्टरमास्टरचं नाव कुणी ऐकलं आहे का, अशी त्याची खंत होती. लढणाऱ्या सेनापतीला गाड्या मोजायला बसवणं ही त्याला शिक्षाच वाटली. पण तो लोहारकामाच्या भट्टीवर वाढलेला माणूस. वजन, माप, लोखंड आणि दिरंगाई त्याला कळत होती. त्याने रस्ते आणि पूल दुरुस्त करवले, वाटेवर ठरावीक टप्प्यांवर दाणावैरणीची कोठारं उभी केली, म्हणजे गाडीला स्वतःच्या घोड्याचा चारा वाहून न्यावा लागू नये. एप्रिलपासून रसद खातं जेरेमाया वड्सवर्थकडे आलं आणि दलालीची पद्धतही परत आली. उन्हाळ्याच्या आत सैन्य चालू शकेल अशा स्थितीला आलं.

त्याच सुमारास प्रशियाचा लष्करी अधिकारी श्टॉयबेन आला. कवायतीबद्दल त्याचं नाव घेतलं जातं, आणि ते रास्त आहे: शंभरेक जणांची एक नमुना तुकडी स्वतः शिकवायची, तिने पुढे इतरांना शिकवायचं, साधं पाऊल दोन फुटांचं आणि मिनिटाला पंचाहत्तर, जलद पाऊल मिनिटाला एकशेवीस. पण त्याने पुढे जे नियम लिहिले त्यांत छावणीचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. चर दर चार दिवसांनी बुजवून नवे खणायचे, उन्हाळ्यात त्याहून लवकर. अंथरुणाचं गवत उन्हात टाकायचं. आणि कप्तानाचं पहिलं कर्तव्य म्हणून त्याने काय लिहिलं, तर शिपायांचं प्रेम मिळवणं, त्यांची गाऱ्हाणी ऐकणं, प्रत्येकाला नावाने आणि स्वभावाने ओळखणं. युरोपातल्या शिपायाला ‘हे कर’ म्हटलं की तो करतो. इथल्या शिपायाला आधी कारण सांगावं लागतं, मग तो करतो, अशा अर्थाचं त्याने एका पत्रात कळवलं होतं. चर बुजवण्याचे जे हुकूम डिसेंबरात पाळले गेले नाहीत, ते पुढे का पाळले गेले याचं उत्तर मला या वाक्यात दिसतं.

दोन वर्षांनी, 1779-80 चा हिवाळा सैन्याने न्यू जर्सीत मॉरिसटाउनजवळ जॉकी हॉलोत काढला. हा मात्र खराखुरा भयंकर हिवाळा होता. अठ्ठावीस वेळा बर्फ पडलं, जानेवारीच्या सुरुवातीच्या वादळात काही ठिकाणी माणूस बुडेल इतकं. न्यूयॉर्कचं बंदर गोठलं आणि इंग्रजांनी बर्फावरून तोफा ओढत स्टेटन बेटावर नेल्या. पण आकडा पुन्हा वाचावा असा आहे: दहा हजारांवर माणसांच्या या छावणीत मेले ते सुमारे शंभर.

भूक इथे व्हॅली फोर्जपेक्षा कमी नव्हती, उलट जास्तच असावी. एका वेळी शिपायांनी गवत सोडून घोड्याचं सगळं खाद्य खाल्लं, असं वॉशिंग्टनने लिहिलं आहे. कागदी चलन इतकं पडलं होतं की मार्च 1780 मध्ये काँग्रेसनेच चाळीस कागदी डॉलर म्हणजे एक चांदीचा, असा भाव ठरवला. वॉशिंग्टनने जानेवारीत न्यू जर्सीच्या प्रत्येक परगण्यावर ठरावीक गुरं आणि धान्य बसवलं, आधी न्यायाधीशांमार्फत विनंती, आणि नाही म्हटल्यास पावती देऊन जबरदस्तीने घेण्याची अधिकाऱ्यांना खासगी सूचना. बहुतेक ठिकाणी जबरदस्तीची वेळ आली नाही.

मग माणसं वाचली कशी? जागा डोंगरउताराची होती, पाणी खाली वाहून जात होतं. झोपड्या तशाच चौदा-सोळा फुटांच्या, बाराजणांच्या, पण आता रांगेत आणि नमुन्याप्रमाणे. नमुन्याशी जुळणार नाही किंवा रांगेबाहेर असेल ती झोपडी पाडून पुन्हा बांधायची, हा हुकूम होता. अशा हजारावर झोपड्यांसाठी सहाशे एकरांवर जंगल तुटलं. माणसं देवी काढलेली होती. जगण्याची सवय झालेली, जुनी होती. आणि डॉ. जेम्स टिल्टनने इस्पितळाचाही एक नवा प्रकार करून पाहिला: मोठी इमारत नको, ओंडक्यांची बसकी झोपडी, मातीची जमीन, चूल मधोमध, धूर छपरातल्या फटीतून वर. तीन खोल्या, एकमेकींपासून अलग. तापाचे रोगी एकीकडे, जखमी दुसरीकडे. धुरामुळे हवा सतत वर ओढली जायची. थंडीही वाजायची, पण तापाचे रोगी आणि जखमी एकमेकांत मिसळत नव्हते.

पळून गेलेल्यांची संख्या मात्र मॉरिसटाउनला मोठी होती, हे सांगितलंच पाहिजे. माणूस मेला नाही म्हणजे तो समाधानी आहे असं नाही. 1 जानेवारी 1781 ला पेनसिल्व्हानियाच्या पलटणींनी बंड केलं. भरतीच्या कागदावर ‘तीन वर्षं किंवा युद्ध संपेपर्यंत’ असे शब्द होते. शिपायाने ‘तीन वर्षं’ वाचलं, सरकारने ‘युद्ध संपेपर्यंत’. वर्षभर पगार नाही, अंगावर कपडे नाहीत. इंग्रजांनी लगेच आपली दोन माणसं आमिष घेऊन पाठवली. बंडखोरांनी ते दोघे अमेरिकन सेनाधिकाऱ्यांच्या हवाली केले आणि त्यांना फाशी झाली. बक्षिसाची रक्कमही त्यांनी नाकारली. भांडण पगाराचं आणि शब्दाचं होतं, पक्ष बदलण्याचं नव्हतं. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना मोकळं करावं लागलं.

त्याच महिन्यात दक्षिणेत, कॅरोलिनात, ग्रीन पुन्हा लढणारा सेनापती होता आणि त्याच्यामागे लॉर्ड कॉर्नवॉलिस लागला होता. वेग मिळावा म्हणून कॉर्नवॉलिसने 25 जानेवारीला रॅम्सर्स मिल इथे आपल्याच गाड्या जाळल्या. तंबू गेले, रम गेली, शिधा गेला. दारूगोळा, मीठ आणि आजारी माणसं यांच्यापुरत्या गाड्या ठेवल्या. ग्रीनने मात्र त्या मुलखात आल्याबरोबर नद्यांची पाहणी करवली होती. कुठे उतार आहे, कुठे नावा आहेत, किती पावसाने उतार बंद होतो. 14 फेब्रुवारीला त्याची शेवटची माणसं डॅन नदी ओलांडून गेली, नदी फुगलेली होती, आणि सगळ्या नावा पलीकडच्या काठाला होत्या. तंबू आणि शिधा नसलेली इंग्रज फौज अलीकडे उभी राहिली. महिन्याभराने गिलफर्डला कॉर्नवॉलिस जिंकला, पण चौथाई फौज गमावून. 19 ऑक्टोबरला त्याला यॉर्कटाउनला शरण जावं लागलं.

मराठी वाचकाला हा माणूस पुढेही भेटतो. 1786 मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, आणि मे 1791 मध्ये टिपूवर चालून श्रीरंगपट्टणापर्यंत पोचला. अरिकेऱ्याची लढाई त्याने जिंकली. पण बैल शेकड्यांनी मरत होते, शिध्याचा तांदूळ निम्म्यावर आला होता, तोफा माणसांना ओढाव्या लागत होत्या. 22 मे रोजी त्याने वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच फोडून टाकल्या आणि परत फिरला. परतीच्या वाटेवर समोरून घोडेस्वार दिसले, ते आधी शत्रूचेच वाटले. ते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजांचे होते. टिपूच्या स्वारांनी वाटेतले जासूद कापले होते, म्हणून दोन्ही सैन्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. चार दिवस आधी गाठ पडती तर तोफा वाचल्या असत्या.

मराठी फौजेबरोबर तिचा बाजार होता. धान्य, बैल, मेंढ्या, कोंबड्या, बनाती, काश्मिरी शाली, चाकूसुऱ्यांपर्यंत सगळं. ज्या बाजारबुणग्यांना पानिपतापासून आपण दोष देत आलो, त्यांनीच या उपाशी इंग्रज छावणीला पोसलं, अर्थात चढ्या भावाने. कॉर्नवॉलिसने पैसे मोजले आणि धान्य घेतलं. पुढच्या मोहिमेसाठी त्याने आधी लमाणांच्या तांड्यांशी बोलणी करून हजारो बैलांवर धान्य लादवलं, आणि मग फेब्रुवारी 1792 मध्ये तो पुन्हा श्रीरंगपट्टणाच्या तटाखाली येऊन उभा राहिला.